आकडा

दाराआडच्या खिळ्याला आबांचा आकडा लटकतो,
लाकडी मूठ, पुढे वाकडं लोखंड,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या ओढायचा.
त्याच खिळ्यावर माझ्या ओळखपत्राची दोरी.
सकाळी घाईत दोन्ही अडकतात एकमेकांत,
आई सोडवत बसते, पुटपुटत.

तिसऱ्या सत्रात कुलथे मॅडमनी स्टॅक शिकवला.
पुस्तकात ताटांचं चित्र होतं, एकावर एक.
मी समासात लिहिलं : थप्पी.
शेवटी आलेली गोणी आधी जाते.
एवढंच. त्या वर्गात पहिल्यांदाच
मला कुणाच्या मागे धावावं लागलं नाही.

रात्री आबांना सांगितलं.
ते केसांतली कांद्याची सालं काढत होते.
"आणि तळाची?"
तळाची काय?
"तळाची सडते ना, बाय. तिचं काय लिवलंय पुस्तकात?"
काहीच नव्हतं लिहिलेलं.

लॅपटॉप मावसभावाचा, जुना.
त्याचं अर्धविरामाचं बटण बसलेलं.
प्रत्येक ओळ संपवताना अंगठ्यानं जोर लावायचा,
जसं काही वाक्य नाही, डबा बंद करतेय.
कोपरखैरण्याची अभ्यासिका अकराला मिटते.
मग जिन्यातल्या दिव्याखाली, माथाडी वसाहतीच्या,
मी आणि घणसोलीचा दर्शिल भोईर
एकमेकांची मुलाखत घ्यायचो इंग्रजीत.
"स्वतःविषयी सांगा."
तो सांगायचा, आमची खाजण होती, आता तिथं कंपनी आहे.
मी म्हणायचे, हे नको सांगू.
तो म्हणायचा, मग काय सांगू?

महापेला, काचेच्या खोलीत,
मला साखळी उलटी करायला सांगितली.
मार्कर सुकलेला होता.
तीन बाण काढले, एक पुसला, परत काढला.
समोरचा माणूस चहात बिस्कीट बुडवत होता,
ते तुटून पडलं, आणि आम्ही दोघंही हसलो.
मला वाटतं, त्यावरच निवड झाली.

पत्रात आकडा होता. वर्षाचा.
आईनं विचारलं, महिन्याला किती?
मी भागाकार केला, पीएफ वजा केला, कर नव्हताच.
आबांच्या पगाराहून किती जास्त,
ती वजाबाकी मात्र घरात कुणी केली नाही.

रुजू व्हायचं जूनमध्ये. मग सप्टेंबर.
मग एक मेल, नम्र, तीन ओळींची :
पुढील सूचनेपर्यंत.
आमच्यानंतर निवडलेली पोरं
डिसेंबरात आत गेली. फोटो टाकले, गळ्यात निळ्या दोऱ्या.
माझी दोरी खिळ्यावर, कॉलेजची, मुदत संपलेली.

आबांनी दोन-तीन महिने विचारलं नाही.
मग एकदा जेवताना, भाकरीकडे बघत :
"तुमच्यात थप्पी हलवत नाय का कुनी?
आमी शनवारी हलवतो. तळाच्या वर काढतो.
वारा लागाय पायजे."

मी बोलले नाही.
त्यांची हिशेबाची वही घेतली,
कुठल्या गाड्या, किती गोण्या, वाराईचा दर,
वेड्यावाकड्या अक्षरात तीन महिने,
आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला,
खरं तर शेजारच्या पोराच्या गृहपाठापेक्षाही सोपा.
मुकादमाच्या बेरजेत आठवड्याला अकरा रुपये कमी निघत होते.
दर आठवड्याला. बरोबर अकरा.

आबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.
"ऱ्हाऊ दे," म्हणाले.
"त्यो नारायणच्या सासऱ्याचा भाऊ हाय."
हात धुतले, दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले,
आकडा खिळ्याला लावला,
आणि पिशवीतून टोळीतल्या आणखी नऊ जणांच्या वह्या काढून
माझ्यापुढं ठेवल्या, एकावर एक.
काही बोलले नाहीत.

मी तळाची ओढून घेतली.